कारखान्याचं फाटक आणि मतदान केंद्र

२०२४ च्या मे महिन्यात बारामती विधानसभा क्षेत्रातल्या मतदारांनी लोकसभेसाठी सुप्रिया सुळे यांना अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवारांपेक्षा सुमारे ४८ हजार मतं जास्त दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच क्षेत्राने अजित पवारांना सुमारे १ लाखाच्या फरकाने विधानसभेत पाठवलं. मधे गेले जेमतेम साडेसहा महिने. गावं तीच होती, जातींची बेरीज-वजाबाकी तीच होती आणि मतदारयादीतली बहुतेक नावंही तीच होती. लांबून पाहणाऱ्यांनी याला मतदाराचं मन फिरणं म्हटलं. पण ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे वाक्य बारामतीत निकालाच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होतं. दोन वेगवेगळे प्रश्न विचारले गेले आणि मतदारांनी दोन वेगळी उत्तरं दिली. एक प्रश्न साहेबांच्या, म्हणजे शरद पवारांच्या, उतारवयातल्या मानाचा होता. दुसरा होता कालव्याच्या पाण्याचा, रस्त्याचा, कारखान्याचा आणि सोसायटीतल्या कर्जाचा, म्हणजे उद्या सकाळी काम घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं याचा.

एखादा भाग कुठल्या बाजूला झुकतो, हे आपण सहसा तीन गोष्टींवरून सांगतो: जात, लाट आणि नेता. तिन्हींत तथ्य आहे. तरी महाराष्ट्राच्या गेल्या ७० वर्षांच्या निवडणुका तालुक्या-तालुक्याने पाहिल्या तर या तिघांच्या खाली आणखी एक थर लागतो, आणि माझ्या मते टिकाऊ कल त्याच थरात घडतो. निवडणूक नसलेल्या चार-साडेचार वर्षांत माणसाच्या पोटापाण्याचं काम ज्या संस्थेतून होतं, ती संस्था म्हणजे हा थर. कुठे तो साखर कारखाना असतो, कुठे दूध संघ, कुठे कामगार संघटना, कुठे पक्षाची शाखा, तर कुठे किसान सभेचं तालुक्याचं ऑफिस. मतदान केंद्रावर माणूस पाच वर्षांतून दोन-चारदा जातो. या दारांशी त्याला महिन्यातून दोन-चारदा जावं लागतं.

आधी हे सांगायला हवं की एका निकालावरून कल ओळखता येत नाही. २०२४ मध्ये महायुतीला लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागा मिळाल्या आणि काही महिन्यांतच विधानसभेच्या २८८ पैकी तिच्या तीन मुख्य पक्षांनी २३० जिंकल्या. आकडे पाहून वाटतं की राज्य उलटंपालटं झालं. प्रत्यक्षात लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्केवारीतला फरक १ टक्क्याहूनही कमी होता. आपल्या निवडणूक पद्धतीत थोडी मतं इकडची तिकडे झाली की जागा ढिगाने हलतात. म्हणून कल शोधायचा तर लाटेत काय वाहून गेलं यापेक्षा लाट येऊनही काय जागेवर राहिलं, हे पाहणं जास्त उपयोगाचं. २०१४ ची लोकसभा त्यासाठी चांगली कसोटी आहे. मोदी लाटेत भाजप, शिवसेना आणि मित्रपक्षांनी राज्यातल्या ४८ पैकी ४२ जागा घेतल्या. काँग्रेसकडे नांदेड आणि हिंगोली या दोनच राहिल्या. राष्ट्रवादीच्या चार जागा वाचल्या: बारामती, माढा, सातारा आणि कोल्हापूर. नकाशावर बोट ठेवलं तर चारही ठिकाणी उसाचा पट्टा आणि सहकाराचं दाट जाळं दिसतं.

हे जाळं मतापर्यंत कसं पोचतं, हे समजायचं तर उसाकडे पाहावं लागतं. गहू-ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, भाव येईपर्यंत थांबता येतं. ऊस थांबत नाही. तोडला की चोवीस तासांच्या आसपास गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजन घटतं आणि साखरेचा उतारा उतरतो. शेतात जास्त दिवस उभा ठेवला तर तुरा येतो, पोकळी धरते, आणि पुढच्या पिकासाठी रान मोकळं व्हायचं राहून जातं. आडसाली लागण केलेल्या शेतकऱ्याचे १६ ते १८ महिने आणि घरातला सगळा पैसा एका प्रश्नावर अडकलेला असतो: तोड कधी मिळणार? उसाची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसात होते. क्रमपाळी तिथे ठरते, तोडीची चिठ्ठी घेऊन चिटबॉय तिथूनच निघतो. पाळी पंधरा दिवस अलीकडे आली काय किंवा महिनाभर मागे गेली काय, लेखी कारण कुणी मागत नाही. पहिली उचल किती आणि दिवाळीला हप्ता सुटणार का, हे संचालक मंडळ ठरवतं. मुलाला कारखान्यात चिकटवायचं, वडील वारल्यावर त्यांच्या शेअरची वारसनोंद करायची, कारखान्याच्याच शिक्षणसंस्थेत मुलीला प्रवेश मिळवायचा, ही सगळी कामं एकाच फाटकातून आत जातात. पेरणीचं कर्ज गावच्या विकास सोसायटीतून येतं. सोसायटीला पैसा जिल्हा बँक देते. त्या बँकेच्या निवडणुकीत सोसायटीच्या नावाने मत कोण देणार, याचा ठराव गावात होतो, आणि त्या ठरावासाठी माणसं कशी जमवली-लपवली जातात हे ग्रामीण भागात सगळ्यांना ठाऊक असतं. कारखाना, बँक, दूध संघ आणि बाजार समिती या चारही ठिकाणी बहुतेकदा एकाच गटाची माणसं बसलेली असतात. मग आमदारकीच्या मताला वेगळा प्रचार फारसा लागत नाही.

ही रचना कुणी मतांसाठी कट करून उभारली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला. १९५० मध्ये तो सुरू झाला तेव्हा सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवणं हाच हेतू होता. लोणीच्या परिसरात त्याने शाळा, दवाखाने आणि रस्ते आणले ही उघड्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. पण जी संस्था इतकं देते, तिच्यावर सत्ता कुणाची हा प्रश्न लगेचच राजकीय होतो. समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून साखर सहकार आणि राजकारण यांची ही गुंफण फार पूर्वी तपशिलाने मांडली. ती मांडणी आजही लागू पडते.

या म्हणण्याला सगळ्यात भक्कम पुरावा १९५७ आणि १९६२ च्या निवडणुकांत सापडतो. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्र काँग्रेसच्या विरोधात उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्र समितीने या भागात बहुतांश जागा जिंकल्या, आणि खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून काठावर तरले. भाषेचा अभिमान, हौतात्म्य, अपमानाची चीड हे सगळं खरं होतं, आणि मतात उतरलंही. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच मुलखासह राज्यभरात काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकून सत्ता घेतली. १ मे १९६० ला राज्य मिळाल्याने मागणीच संपली, हे एक कारण आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. त्या पाच वर्षांत सहकारी कारखान्यांना भागभांडवल आणि हमी मिळू लागली होती, १९६१ चा जिल्हा परिषद कायदा होऊन १ मे १९६२ पासून पंचायत राज येत होतं, आणि गावातल्या कर्त्या माणसाला काँग्रेसमध्ये राहून काही चालवण्याची, वाटण्याची, उभारण्याची जागा दिसत होती. समितीकडे भावना होती, सभा होत्या, शाहीर होते. मतदाराला दुसऱ्या दिवशी घेऊन जाता येईल असं दार तिच्यातल्या बहुतेक पक्षांकडे नव्हतं.

ज्यांच्याकडे ते होतं, ते मात्र टिकले. समितीतले डावे पक्ष १९६२ नंतर कुठे उरले ते पाहिलं की हे लख्ख दिसतं. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) राहिला, कारण तिथे पक्षाच्या आधीच लढ्याची संघटना होती. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सुमारे सहा वर्षं जमिनी पेरल्या नाहीत. भाताच्या प्रदेशात सहा वर्षं भात न पिकवणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. त्या काळात कुणाच्या घरी चूल पेटते आणि कुणाच्या नाही हे सांभाळणारी जी माणसं तयार झाली, त्यांच्यावरच पुढे पक्ष उभा राहिला. डहाणू-तलासरीत गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने १९४५ मध्ये वारल्यांना वेठ नाकारायला शिकवलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर जमीनदाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ना तिने सोडवलं. पुढे वनजमिनीचे दावे, रेशन आणि मजुरी या कामांतून लाल बावटा तिथे रोजच्या व्यवहारात राहिला. डहाणूची जागा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष कधी जिंकतो, कधी हरतो. पण २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा राज्यात त्या पक्षाचा एकच आमदार निवडून आला आणि तो डहाणूचा होता. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर देशाच्या सगळ्या वाऱ्यांना पाठ देऊन एक कल ८० वर्षं टिकतो, तो पोथी वाचून टिकलेला नाही.

सांगोला हे तिसरं उदाहरण. गणपतराव देशमुख शेकापच्या तिकिटावर १९६२ पासून ११ वेळा आमदार झाले. दुष्काळी तालुका, ऊस नाही, सत्तेतला पक्ष नाही. तरी सहकारी सूतगिरणी, डाळिंबाची शेती, पाण्यासाठीची लढाई आणि आमदाराला कधीही भेटता येणं, यांतून तिथे जे उभं राहिलं ते कारखान्याच्या फाटकाइतकंच बळकट होतं. २०१९ ला ते थांबले आणि पक्षाने जागा हजाराच्या आतल्या मतांनी गमावली. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. २०२४ मध्ये, महायुतीच्या एवढ्या मोठ्या विजयात, सांगोल्याने शेकापचाच आमदार निवडला. राज्यात त्या पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा.

शहरात शेत नसतं, तरी रीत हीच दिसते. मुंबईतल्या गिरणगावाचा कल एकदा घडला, मोडला आणि पुन्हा घडला, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवं. लालबाग-परळच्या चाळींत बराच काळ लाल बावट्याचं वजन होतं, कारण गिरणीच्या खात्यातला तंटा, बदली कामगाराची पाळी, थकलेला पगार ही कामं युनियन करत होती. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या पत्नी पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि हरल्या. वामनराव महाडिक निवडून आले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. दहशतीचा वाटा त्यात होता, तो नाकारता येणार नाही. पण दहशतीने एक निवडणूक जिंकता येते, पन्नास वर्षं नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. संप हरला, तरी १९८४ च्या लोकसभेत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा घेतलेल्या असताना, दक्षिण मध्य मुंबईने सामंतांना निवडलं. गिरणी होती तोवर गिरणीच्या संघटनेची मतं होती. मग गिरण्या बंद पडत गेल्या आणि युनियनच्या ऑफिसात घेऊन जाण्यासारखं कामच उरलं नाही. कामगाराच्या मुलाला आता नोकरीची शिफारस, नळाचं पाणी, रुग्णवाहिका, दवाखान्यातली खाट, पोलीस चौकीतला शब्द हवा होता आणि ते सगळं कोपऱ्यावरच्या शाखेत मिळत होतं. वस्ती तीच राहिली, आडनावं तीच राहिली, दार बदललं आणि कल बदलला. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, नाव आणि चिन्ह गेलं. तरी २०२४ च्या विधानसभेत उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला राज्यभरात मिळालेल्या २० जागांपैकी १० मुंबईतल्या होत्या आणि त्यांत शिवडी आणि वरळी होती. जिथे शाखा उघडी राहिली तिथे चिन्ह बदलूनही मत हललं नाही.

यावर पहिला आक्षेप जातीचा येतो, आणि तो यायलाच हवा. महाराष्ट्रात जातीविना राजकारण समजत नाही, हे खरंच आहे. पण जात बहुतेक वेळा पुरेसं उत्तर देत नाही. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक लढतींत दोन्ही उमेदवार मराठा असतात. त्यांतल्या कुठल्या मराठ्याला मत, हे जात सांगू शकत नाही, गट सांगतो. कोल्हापूरने ते २०१९ मध्ये उघड करून दाखवलं. काँग्रेसचे सतेज पाटील यांनी ‘आमचं ठरलंय’ म्हणत आघाडीतल्या राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांना बळ दिलं, आणि मंडलिक मोठ्या फरकाने निवडून आले. पाटील आणि महाडिक यांचं वैर गोकुळ दूध संघापासून महापालिकेपर्यंत पसरलेलं होतं आणि पक्षाचा झेंडा त्यापुढे गौण ठरला. शेजारच्या कागलचं उदाहरण तर अधिकच बोलकं. मराठाबहुल मतदारसंघातून हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आले आहेत. जिल्हा बँक, कारखाना आणि मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यांत गरिबांच्या शस्त्रक्रिया करून देण्याचं वर्षानुवर्षांचं काम यांनी तिथे धर्म आणि जात ओलांडणारी मतं बांधली. जे लोक समाजाच्या मतांकडे फक्त जातीच्या शिरगणतीतून पाहतात, त्यांनी कागलला उत्तर द्यावं.

तरीही आक्षेपाचा एक भाग मला मान्य करावा लागतो. संस्थेच्या फाटकातून आत कोण जाऊ शकतो, हे जातीने आणि जमिनीने आधीच ठरवलेलं असतं. ज्याच्याकडे बागायत नाही त्याला ऊस नाही, ऊस नाही तर शेअर नाही, शेअर नाही तर मत नाही. त्या फाटकाबाहेर राहिलेल्यांनी आपापली दारं उभी केली. बीडमधून दर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणारी लाखो माणसं कारखान्याची सभासद नाहीत, मुकादमाच्या उचलीने बांधलेली मजूर आहेत. त्यांच्या मजुरीचा दर कारखानदारांशी भांडून वाढवणारे गोपीनाथ मुंडे त्यांचे नेते झाले. एकाच साखरेने कोल्हापुरात काँग्रेसी कल घडवला आणि बीडमध्ये भाजपचा. अकोल्यात प्रकाश आंबेडकरांनी बौद्धांबरोबर छोट्या ओबीसी जातींना जिल्हा परिषदेत प्रत्यक्ष सत्ता दिली, म्हणून ‘अकोला पॅटर्न’ तिथे रुजला. ती मोट इतर जिल्ह्यांत भाषणांतून बांधायचे प्रयत्न झाले, पण तसं मूळ धरलं नाही. आणि जात जेव्हा आरक्षणाच्या प्रश्नावर उघड संघर्षात उतरते, तेव्हा ती संस्थांना झाकोळून टाकते हेही खरं. २०२४ च्या लोकसभेत बीडमध्ये गोपीनाथ मुंडेंच्या कन्या पंकजा मुंडे सुमारे साडेसहा हजार मतांनी हरल्या त्या अशाच दुभंगात. अशा निवडणुकीत माझं विवेचन तोकडं पडतं. फक्त असा ताण दर निवडणुकीत त्याच जोराने टिकताना दिसत नाही, एवढंच मी म्हणेन.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. याला कल का म्हणायचं, ही तर लाचारी झाली, तोडीच्या चिठ्ठीसाठी दिलेलं मत हे मत कसलं? या प्रश्नाची धग मला जाणवते. मत बूथनिहाय मोजलं जातं, म्हणून ती धग आणखी वाढते. मतपत्रिकांच्या काळात, जिथे मतदारांवर दबाव येण्याची भीती असे तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी मिसळण्याची तरतूद होती. मतदान यंत्र आल्यापासून प्रत्येक केंद्राचा हिशेब स्वतंत्र दिसतो, आणि फॉर्म २० मध्ये तो जाहीर होतो. कुठल्या वाडीने कुणाला किती मतं दिली हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं, मग त्या वाडीचा रस्ता आणि त्या वाडीची तोड दोन्ही लांबू शकतात. अनेक यंत्रांची मतं एकत्र करून मोजणाऱ्या टोटलायझरची शिफारस निवडणूक आयोगाने २००८ मध्ये आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये केली. ती अजून अमलात आलेली नाही. गुप्त मतदानाचं वचन व्यक्तीला मिळालं, वस्तीला मिळालं नाही, आणि ग्रामीण भारतात दबाव येतो तो वस्तीवरच. लोकशाहीची काळजी असणाऱ्या प्रत्येकाने या एका सुधारणेसाठी आवाज उठवावा, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

पण म्हणून मतदार निव्वळ मिंधा आहे, हे पुराव्याला धरून नाही. उदयनराजे भोसले एप्रिल-मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीतून साताऱ्याचे खासदार झाले. काही महिन्यांत ते भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्याच साताऱ्याने त्यांना सुमारे ८७ हजार मतांनी नाकारलं. राजघराणं, नाव, ओळख सगळं जागेवर होतं, तरी मतं सोबत गेली नाहीत. पुढे २०२४ मध्ये ते भाजपकडून निवडून आले, तेव्हा जिल्ह्यातल्या गटांची मांडणीच बदललेली होती. माढ्यात २०१९ ला अकलूजचे मोहिते-पाटील भाजपच्या बाजूने होते आणि भाजपने जागा घेतली. २०२४ ला त्या घराण्यातला उमेदवार समोर उभा राहिला आणि भाजप हरली. शिर्डीत राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेस, शिवसेना आणि भाजप अशा तीन पक्षांतून निवडून आले आहेत, पण २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव सुजय नगरची लोकसभा हरले. नेता संस्थेच्या कक्षेत असतो तोवर मतं त्याच्यामागे येतात. त्या कक्षेबाहेर, जिथे त्याचं फाटक नाही तिथे, त्याला इतरांसारखंच मत मागावं लागतं.

आता हा सगळा पायाच हलतो आहे. १९९८ मध्ये साखर उद्योगावरची परवान्याची अट उठली. आज राज्यातल्या सुमारे २०० कारखान्यांपैकी जवळपास निम्मे खासगी आहेत. खासगी कारखान्यात शेतकरी फक्त ऊस घालणारा असतो, मालकाला निवडणारा नसतो. त्याला दोन कारखान्यांत निवड मिळाली हे चांगलंच झालं, पण वार्षिक सभेत उभं राहून अध्यक्षाला जाब विचारायची जागा गेली. जे सहकारी उरले त्यांतले अनेक कर्जाखाली आहेत, त्या कर्जाला सरकारी हमी लागते, आणि म्हणून कारखानदार सत्तेच्या दिशेने चालू लागतात. २०१९ च्या आसपास एका पाठोपाठ एक घराणी भाजपमध्ये का गेली, याचं बरंचसं उत्तर ताळेबंदात सापडेल. पुढे ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या बँक खात्यात थेट जमा होऊ लागले. या स्त्रियांपैकी बहुतेकींच्या नावावर कधी शेअर नव्हता, सोसायटीच्या ठरावात त्यांचं नाव नव्हतं. पहिल्यांदा राज्य आणि त्या यांच्यामध्ये गावातला कुणी कर्ता पुरुष नव्हता. त्या वर्षी विधानसभेला सुमारे ६६ टक्के मतदान झालं, गेल्या कित्येक निवडणुकांत नव्हतं इतकं. ज्या मतांना गावातलं कुठलंच दार नव्हतं, ती आता थेट मुंबईकडे पाहून पडू लागली आहेत. म्हणून ती अधिक मोकळी आहेत आणि एखादा हप्ता चुकला तर अधिक वेगाने उलटतील.

नवीन दारं उभी राहण्याची हक्काची जागा होती ती ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतची स्थानिक सत्ता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर त्या सुमारास प्रशासक आले आणि निवडणुका घ्या असा आदेश द्यायला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं. या काळात पाण्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता आणि शाळेच्या खोलीसाठी जिल्हा परिषद सदस्य नव्हता. पहिल्यांदा मत देणाऱ्या कित्येक तरुणांनी याच तीन वर्षांत आपलं राजकीय मत बनवलं, आणि त्यांनी पाहिलेला लोकप्रतिनिधी हा एकतर आमदार-खासदार होता किंवा मोबाइलच्या पडद्यावर होता. त्यांच्या वस्तीचा कल कुठे झुकेल, हे आज कुठलाही सर्व्हे नीट सांगू शकणार नाही. त्यांची अडलेली कामं कोण हाती घेतं, यावर नजर ठेवली तर ते निवडणुकीच्या बरंच आधी कळेल.